नावाला चिकटलेलं

समृद्धीने वकिलांच्या टेबलावरचा लाल पेन उचलला आणि त्यांना न विचारताच मसुद्यातल्या एका शब्दाभोवती गोल काढला.

"शशिकांतकाका, हे काय लिहिलंय?"

शशिकांत वकिलांनी चष्मा कपाळावरून नाकावर ओढला. जबलपूरच्या ओमती भागातल्या या खोलीत ते चाळीस वर्षे बसत होते आणि इंग्रजी मसुदे अजूनही वडिलांच्या एका जाड पुस्तकातून उतरवत होते. नाव आणि तारीख बदलायची, बाकी जसेच्या तसे. पक्षकार मेला तरी चालेल, साचा मोडता कामा नये.

"रेलिक्ट. जुना कायदेशीर शब्द आहे बेटा. म्हणजे विधवा."

"म्हणजे उरलेली!" समृद्धी शाळेत इंग्रजी शिकवत होती आणि अर्थ तिने मोबाइलवर आधीच पाहून ठेवला होता. "मागे राहिलेली, सोडून दिलेली वस्तू. 'सत्यभामा, स्वर्गीय बळीराम यांच्या मागे उरलेली.' माझी आई काय पातेल्यातला रात्रीचा भात आहे?"

तिची तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि का जाऊ नये? शेजारच्या खुर्चीत सत्यभामाबाई बसल्या होत्या. त्यांच्या नखांत संगमरवराची पांढरी भुकटी होती. ती कितीही घासली तरी जात नसे. भेडाघाटचे मूर्तींचे दुकान बळीराम गेल्यापासून एकोणीस वर्षे त्याच चालवत होत्या. नवऱ्याने दुसऱ्यांनी घडवलेल्या मूर्ती विकल्या. छिन्नी हातात धरली ती सत्यभामाबाईंनी. तरी दुकानाचा भाडेपट्टा अजून मेलेल्या माणसाच्याच नावावर होता. आज तो त्यांच्या नावावर व्हायचा होता. जन्मातला त्यांच्या नावाचा पहिला कागद, आणि पहिल्याच ओळीत त्या उरलेल्या.

"अरे, हे कोण वाचतं?" वकील म्हणाले. "रिवाज आहे. उलट जुन्या जमान्यात आदराचा शब्द होता तो."

"अच्छा! आणि बायको मेली तर नवऱ्याला काय लिहितात तुमच्या पुस्तकात?"

वकिलांनी खरोखरच पुस्तक उघडले. चार पाने मागे, चार पाने पुढे करून पाहिली.

"त्याला काही नाही लिहीत. त्याचं नुसतं नाव लिहितात."

"मग आईचंबी नुसतं नाव लिहा. आणि ती काय काम करते ते लिहा. नाही तर सही होणार नाही."

"समू, जाऊ दे ना," सत्यभामाबाई हळूच म्हणाल्या. "काहून एवढी भांडून राहिली?"

"तू थांब, आई. तुला काहीच लागत नाही, म्हणून लोक काहीही चिकटवतात तुझ्या नावाला."

पान पुन्हा टाइप झाले. सत्यभामा, वय अठ्ठावन्न, व्यवसाय मूर्तिकाम. सत्यभामाबाईंनी ती ओळ मुलीकडून दोनदा वाचून घेतली, तिच्यावरून बोट फिरवले आणि एकेक अक्षर कोरावे तशी सावकाश सही केली.

समृद्धीचा चेहरा उजळला. तिने पिशवीतून पेढ्यांचा डबा काढला आणि पत्रिकांच्या गठ्ठ्यातली वरची पत्रिका. धाकट्या भावाचे, योगेशचे लग्न पुढच्या महिन्यात होते. जबलपुरात सगळे हिंदी पत्रिका छापतात, पण आपल्या घरची मराठीतच हवी म्हणून समृद्धीने हट्ट धरला होता आणि मजकूरही स्वतः लिहून दिला होता.

"काका, सगळ्यांनी यायचं हं."

"का नाही येणार? चलो, बघू तर." वकिलांना कागद मोठ्याने वाचायची सवय होती. "'चिरंजीव योगेश, गं. भा. सत्यभामा व कै. बळीराम यांचे कनिष्ठ सुपुत्र...' वा! छान छापलीय."

ते पुढे वाचत राहिले. लग्नाची वेळ आली, जेवणाची आली, स्थळ आले. समृद्धीचा हात पेढ्यांच्या डब्याच्या झाकणावर तसाच राहिला. विधवेच्या नावाआधी लागणारी ती दोन अक्षरे तिने स्वतःच्या हाताने लिहिली होती. गठ्ठ्यात तीनशे पत्रिका होत्या.

"आई," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी खाली आला होता. "छापायच्या आधी तुला दाखवली होती ना मी? तू काहून नाही बोलली?"

सत्यभामाबाईंनी टेबलावरचा लाल पेन उचलला, पदराने पुसला आणि तिच्यापुढे धरला.

"मी काय बोलू? तूनंच तर लिहून दिलं होतं."