बाण नसलेली पिशवी

“हे बाण काढ,” हंसा म्हणाली.

विघ्नेशचा माउसवरचा हात थांबला. वालीवच्या त्याच्या छापखान्यात मागे मशीन धडधडत होतं, म्हणून त्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पडद्यावर सुकेळ्यांच्या पिशवीचं चित्र होतं. वर ठळक अक्षरांत ‘हंसाची सुकेळी, गिरीज’ आणि खाली कोपऱ्यात एकमेकांच्या मागे धावणारे तीन हिरवे बाण.

“मावशी, ते रिसायकलचं चिन्ह आहे. आजकाल सगळे टाकतात. कस्टमरला बरं वाटतं.”

“आनि ही पिशवी होते का रिसायकल?”

विघ्नेशने नमुन्याची पिशवी उलटी करून आतली चंदेरी बाजू दाखवली. “ही? खरं सांगू, नाही होत. दोन-तीन थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटे होत नाहीत. भंगारवालापण घेत नाही.”

“मग बाण कशाला?”

शेजारच्या स्टुलावर बसलेली संजना, हंसाची सून, चुळबुळली. “आई, दुकानानेच मागितलंय तसं. चंदेरी पिशवी आणि हिरवी खूण. त्यांच्या गिऱ्हाइकांना लागते म्हणे.”

दुकान मुंबईतलं होतं, मोठं. लग्न होऊन आल्यापासून हंसा वसईच्या बाजारात टोपली घेऊन बसायची. राजेळी केळी सोलून, उन्हात मऊ आणि मधासारखी होईपर्यंत वाळवलेली तिची सुकेळी लोक नावाने मागून न्यायचे. आभाळ आलं आणि फळ नीट वाळलं नाही, तर ती आधीच सांगायची, “आजची जरा ओली आहेत, लवकर खा.” त्या दुकानासाठी माल निवडणाऱ्या सुरुचीने बाजारात एक सुकेळं चाखलं आणि सगळ्या हंगामाचा माल घ्यायचं कबूल केलं. त्या भरवशावर हंसाच्या मुलाने, धनेशने, केळीच्या वाडीत वाळवणीचे नवे मांडव घातले. कंपनीतली नोकरी सोडण्याचंही त्याच्या मनात घोळत होतं.

हंसाने ती नमुन्याची पिशवी हातात घेतली. हा चंदेरी रंग तिच्या ओळखीचा होता. दर पावसाळ्यात नाल्याचं पाणी वाडीत शिरायचं आणि ओसरलं की केळीच्या बुंध्यांना अशा पिशव्या चिकटून राहिलेल्या असायच्या. नवरा रामनाथ होता तोवर दोघं मिळून त्या वेचायची. तो गेल्यावर ती एकटीच वेचत होती. एखादी मातीत राहून गेली, तर पुढच्या साली खणताना जशीच्या तशी वर यायची.

“आमच्या वाडीत पान्याबरोबर येतात ना, त्यांच्यावर पन हेच बाण असतात,” ती म्हणाली. “वर माझं नाव आनि खाली खोटं, असं नको.”

संजनाने तिथूनच सुरुचीला फोन लावला. बाण नको म्हटल्यावर सुरुची गोंधळली. मग हंसानेच फोन घेतला. “पिशवी तुमची चंदेरीच घेते. पन खाली छापते की ही पुन्हा वापरात येत नाय.”

“अहो, असं कुणी स्वतःच्या मालावर छापतं का?” सुरुची हसली. ती वाईट बाई नव्हती, तिला खरंच हसू आलं होतं. “मग तर आमच्याकडे कुणी हातही लावणार नाही.”

फोन ठेवल्यावर विघ्नेश बराच वेळ कपाटात काहीतरी शोधत राहिला. शेवटी एक साधी पारदर्शक पिशवी घेऊन आला. “ही बघा. एकाच जातीचं प्लास्टिक. स्वच्छ असली तर ही भंगारवाले घेतात. पण मावशी, यात माल तेवढा टिकणार नाही.”

“माझी सुकेळी पहिली कुठे टिकायची? संपायची.”

संजनाला हसू फुटलं. विघ्नेशने कागदी लेबल करायला घेतलं आणि मजकूर टाईप केला, ‘सदर वेष्टन पुनर्चक्रणयोग्य असून त्याची योग्य विल्हेवाट लावावी.’

हंसाने तो हळूहळू वाचला. “हे कोन कोनाला सांगतंय?”

“मग तुम्ही कसं सांगाल?”

“पिशवी पान्याने धुवा, वाळवा, सुक्या कचऱ्यात द्या. कागद ओढला की निघतो, तो वेगळा द्या. एवढंच.”

विघ्नेशने तेवढंच टाईप केलं. ‘पाण्याने’ लिहिताना तो थबकला, तर हंसा म्हणाली, “तुमचं शुद्ध लिही. माझं नाव मात्र खाली घाल. सांगनारी कोन, ते कळू दे.”

दुकानाने त्या पिशवीला नकार दिला. धनेश रिकाम्या मांडवांखालून जायचा, वर न बघता. नोकरी सोडायचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. संजनाने विरारच्या सोसायट्यांमधल्या ओळखीच्या बायकांना फोनवर फोटो पाठवले. थोड्या मागण्या आल्या, मग आणखी थोड्या. हंगाम सरेपर्यंत माल संपला, पण मांडव सगळे भरले नाहीत. दुकान परत आलं नाही.

शेवटचा माल पोचवायला धनेश आईला टेम्पोत घेऊन विरारला गेला. सोसायटीत पार्किंगच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये एक बाई कचरा वेगळा करत होत्या. एका ढिगात हंसाच्या पिशव्या होत्या, धुतलेल्या, चपट्या केलेल्या. कागदांच्या गठ्ठ्यावर तिची लेबलं. हंसा तिथेच उभी राहिली.

“काय बघता?” बाईंनी विचारलं. मग तिची नजर कुठे आहे ते पाहून म्हणाल्या, “ही पिशवी अशी धुऊन येते, हाताला चिकटत नाही. पोरं तर कागद ओढायला भांडतात. मी इतकी वर्षं ओरडते, माझं कुणी ऐकत नाही. ही हंसा कोण आहे कुणास ठाऊक, तिचं ऐकतात!”

हंसा नुसतीच त्या लेबलांकडे बघत राहिली.

“ही,” मागून धनेश म्हणाला. खांद्यावरचं खोकं त्याने खाली ठेवलं. “माझी आई.”

बाईंनी हातातले मोजे काढले. एक क्रेट उपडा करून त्यावरची धूळ पदराने झटकली आणि पुढे सरकवला. “बसा की, हंसाबाई.”

आणि हंसा बसली, ताठ, त्या ढिगांच्या मधोमध.