दोराचं दुसरं टोक

शिरूरला घोडनदीकाठच्या माळावर त्या हिवाळ्यात प्रदर्शन भरलं होतं. एका अंगाला नवी इंजिनं आणि खतं, दुसऱ्या अंगाला ‘पूर्वीचं गाव’. तिथं छपरं खरी, तेलाचा घाणा खरा, आणि आपापलं काम करून दाखवणारी माणसंही खरीच. दौंड स्टेशनच्या पार्सल ऑफिसातला कारकून गिदोन हेडक्लार्क सर्जेरावांबरोबर ते बघायला आला होता.

कुंभाराचं चाक बघून दोघं पुढं सरकले आणि गिदोन जागीच थांबला. गावकुसाबाहेरचं म्हणून मांडलेल्या छपरात त्याची मावशी कुशाबाई घायपाताचा दोर वळत होती. आई गेल्यावर हिनंच त्याला वाढवलं, मिशनच्या बोर्डिंगात घातलं. ऑफिसात मात्र तो सांगायचा, आमच्या घरी दोन पिढ्या मास्तरकीच्या.

“बाई, गाव कुठलं?” सर्जेरावांनी विचारलं.

“तळेगाव ढमढेरे.”

“अहो गिदोन, तुमच्याच गावची की! ओळखता का?”

मावशीनं मान वर केली. तिचे हात थांबले, चेहरा उजळला.

“नाही,” गिदोन म्हणाला.

तिनं त्याच्याकडं नीट बघून घेतलं. मग सर्जेरावांना म्हणाली, “सायेब ल्हानपणीच मिशनात गेलं असत्याल. आमाला कुठनं वळखायचे?” आणि पुन्हा पीळ घालू लागली.

पुढं सर्जेरावांनी भेळ घेतली. गिदोननं आपली तशीच ठेवली. स्टँडवर दौंडची एसटी लागली तेव्हा तो म्हणाला, “तुम्ही व्हा पुढं, मी मागनं येतो.”

तो जवळजवळ पळतच माळावर आला. दोराचं दुसरं टोक खुंट्याला बांधलेलं होतं. ते सोडून त्यानं हातात धरलं.

“पँटीला कुसं लागत्याल, सायेब.”

“सायेब नगं म्हणूस गं, मावशे.”

“अहो, हात लावू नका तिथं!” प्रदर्शनाचा एक माणूस ओरडला.

“ही माझी सख्खी मावशी हाय!” गिदोन मोठ्यानं म्हणाला. माणूस ओशाळून निघून गेला.

“आता कुणाला सांगतूस?” मावशी हळूच म्हणाली. “ज्येंला सांगायचं ते तर गेलं.”

गिदोननं टोक आणखी घट्ट धरलं. मावशीनं दोर ताणला, आणि त्याच्या तळहातांत पीळ चढत गेला.