कलम तीन आणि अध्यक्षांचा हातोडा

आर्डिथ पेल्टिएला राजधानीत, कॉन्कॉर्डला जायचंच नव्हतं. डिसेंबरात रायफल क्लबच्या बैठकीत थर्लोनं "कायदेविषयक चिटणीस कोण होणार?" असं विचारलं, तेव्हा ती आत बीन्सचं भांडं घासत होती. हात पुसत बाहेर आली तर सगळे टाळ्या वाजवत होते. तिनंही वाजवल्या. कुणासाठी वाजवतोय हे तिला मागाहून कळलं.

"अरे, पण मला कायद्यातलं काय कळतं?" ती म्हणाली. "मी शाळेची बस चालवते."

"म्हणूनच तर!" थर्लो म्हणाला. तो क्लबचा अध्यक्ष, आणि एकदा ठरलं की ठरलं अशा वळणाचा माणूस. "चव्वेचाळीस पोरं नुसती आरशात बघून गप्प करतेस. आमदार चारशेच तर आहेत."

चारशे! न्यू हॅम्पशायरात आमदारांना काय तोटा? किराणा आणायला गेलं तरी एखादा भेटतो, आणि तो बिचारा तुमच्याआधी रांगेत उभा असतो. पण त्या चारशेंपुढे जाऊन बोलायचं? एकसष्ट वर्षांत आर्डिथ माईकसमोर एकदाच उभी राहिली होती, आणि तेव्हाही "हरवलेला मफलर कुणाचा आहे" एवढंच बोलली होती.

जानेवारीत बंदुकांच्या व्यवहारांबद्दलचं विधेयक आलं. बाकी सगळं जाऊ द्या, खरी मेख होती कलम तीनमध्ये. आर्डिथनं ते स्वयंपाकघराच्या टेबलावर तीनदा वाचलं, मग नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. "कोणत्याही व्यक्तीने, कोणत्याही कारणासाठी व कितीही अल्प काळासाठी, बंदूक दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी उभयतांनी परवानाधारक दुकानात समक्ष हजर राहून पार्श्वभूमीची तपासणी करून घ्यावी."

"रोलंड, म्हणजे मी गुरुवारी ऑलिव्हच्या हातात रायफल दिली तर?"

"दुकानात जा," रोलंड टोस्टला लोणी लावत म्हणाला.

"आणि तिनं पाच गोळ्या झाडून मला परत दिली तर?"

"पुन्हा जा. येताना दूध आण."

आर्डिथ दर गुरुवारी संध्याकाळी सहाला बायकांना नेमबाजी शिकवायची. क्लबच्या रायफली चार, शिकणाऱ्या अकरा. त्यात ऑलिव्ह चौऱ्याहत्तर वर्षांची, एकटी राहणारी, आणि नेम धरण्याआधी न चुकता ओठ रंगवणारी. एका तासात रायफली किती हातांतून फिरतात याचा हिशोब आर्डिथनं कॅलेंडरच्या मागे मांडला. एकशे बारा वेळा. सगळ्यात जवळचं दुकान वीस मैलांवर, आणि ते पाचला बंद होतं.

तिला आधी राग आला. मग एकटीच हसत सुटली. इतकी, की कुत्रं उठून दुसऱ्या खोलीत गेलं.

सुनावणी फेब्रुवारीत, मंगळवारी सकाळी दहाला. बोलणार होते रायफल क्लबांच्या राज्य संघटनेचे वकील, वेंडेल सॉटेल. आर्डिथनं फक्त शेजारी बसायचं आणि मान डोलवायची, एवढंच ठरलेलं. ती आनंदात होती. चांगला निळा स्वेटर घातला, बदली चालकाला बसच्या किल्ल्या दिल्या आणि बर्फातून गाडी हाकत वेळेआधी पोचली. वकीलसाहेब व्हरांड्यात भिंतीला टेकून उभे होते. गळ्याला दोन मफलर.

"गुड मॉर्निंग, वकीलसाहेब!"

सॉटेलनी तोंड उघडलं. आतून आवाज असा आला, की जणू कुणी लांबवर दार सरकवतंय.

"काय म्हणालात?"

त्यांनी खिशातून वही काढली आणि लिहिलं : घसा बसलाय. काल रात्रीपासून. तुम्ही बोला.

"मी?"

वहीवर : हो. आणि त्याखाली दोन रेघा.

"अहो, मी मान डोलवायला आलेय!"

सॉटेलनी बॅगेतून बारा पानांचं भाषण काढून तिच्या हातात ठेवलं. पहिल्याच पानावर चार जुने निवाडे, दोन लॅटिन शब्द आणि एक तळटीप. आर्डिथला घाम फुटला. स्वेटर लोकरीचा होता, त्यामुळे जरा जास्तच फुटला. पण पळून जायला वाट नव्हती, कारण दारातल्या बाईंनी तिच्याकडून नाव लिहिलेलं गुलाबी कार्ड आधीच घेतलं होतं.

खोलीत नालाच्या आकाराच्या टेबलामागे वीस आमदार. मधोमध अध्यक्ष हार्लन टटल, निवृत्त दूधवाले. चेहरा असा की हसू फुटायला किल्ली लागावी. पहिल्यांदा बोलल्या विधेयक मांडणाऱ्या कॉन्स्टन्स वार्नी. तीस वर्षं अपघात विभागात परिचारिका होत्या. त्यांनी आवाज चढवला नाही. एका पार्किंगमध्ये एका अनोळखी माणसानं दुसऱ्या अनोळखी माणसाला पिस्तूल विकलं, कुणी काही विचारलं नाही, आणि त्यातून पुढे जे झालं ते त्यांच्या वॉर्डात आलं, एवढंच सांगितलं. आर्डिथनं हातातलं भाषण मांडीवर ठेवलं. बाई खोटं बोलत नव्हत्या, हे तिला दिसत होतं. मग आपण इथं काय करतोय?

"आर्डिथ पेल्टिए," टटल म्हणाले. "तीन मिनिटं."

ती उठली. बारा पानं उघडली. लॅटिन शब्दाशी अडखळली, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडली. मागून सॉटेलनी श्वास सोडल्याचा आवाज आला. तेवढाच आवाज त्यांना काढता येत होता. एक मिनिट संपलं. आर्डिथनं पानं मिटली.

"अध्यक्ष महाराज," ती म्हणाली, "हे मला वाचता येत नाही. तुमचा तो हातोडा जरा देता का?"

"हातोडा?"

"जरासा. लगेच परत देते."

टटलना नाही म्हणायचं सुचलं नाही. बाई शाळेच्या बसवाली, आवाजात असं काही की अर्धी समिती सरळ बसलेली. त्यांनी हातोडा पुढे केला. आर्डिथनं तो घेतला.

"ही रायफल समजा. आणि तुम्ही आत्ताच कलम तीन मोडलंत."

टेबलाच्या टोकाला कुणीतरी फिस्सकन हसलं.

"आपण दोघांनी आधी दुकानात जायला हवं होतं," आर्डिथ म्हणाली. "वीस मैल. तुमचं ओळखपत्र, माझं ओळखपत्र, अर्ज, दुकानदाराचा फोन. झालं. आता आपण नेमबाजीच्या मैदानावर आलो. मी पाच गोळ्या झाडल्या. नेम काही लागला नाही. आता ही तुम्हाला परत द्यायचीय."

"द्या मग," टटलनी हात पुढे केला.

"कशी देऊ? पुन्हा वीस मैल!"

"बाई, तुमची वेळ संपली," टटल म्हणाले, आणि सवयीनं हात टेबलावर आपटला. रिकामा हात. नुसता थप्प असा आवाज झाला.

आता मात्र सगळी खोली हसली. टटलनी पुन्हा हात पुढे केला. "हातोडा द्या, मला शांतता करायचीय."

"बेकायदा!" डाव्या बाजूनं एक आमदार ओरडला.

"मग माझ्याकडे द्या, मी त्यांना देतो," शेजारचा म्हणाला.

"तो दुसरा गुन्हा!" आर्डिथ म्हणाली, पण तोवर त्यानं हातोडा घेतला होता, त्याच्याकडून पलीकडच्या बाईंनी ओढला, आणि तो टेबलाच्या कडेनं हातोहात निघाला. "तिसरा! चौथा! हार्लन, तुम्ही साक्षीदार आहात!" मागच्या खुर्च्यांवरचे लोक उभे राहून मोजू लागले. विरोधात बोलायला आलेले आणि बाजूनं बोलायला आलेले एकाच सुरात मोजत होते. अकराव्या गुन्ह्याला हातोडा कॉन्स्टन्स वार्नींपाशी आला. त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला, एकदा कलम तीनकडे पाहिलं, एकदा हातोड्याकडे, आणि त्यांचे खांदे हलू लागले. डोळे पुसायला चष्मा काढावा लागला.

"अध्यक्ष महाराज," त्या कशाबशा म्हणाल्या, "माझं विधेयक मीच मोडलं."

टटलच्या चेहऱ्याची किल्ली फिरली ती तिथं. ते इतके हसले की पाणी आणावं लागलं. थांबवायला कुणी नसल्यामुळे आर्डिथ पुढे अकरा मिनिटं बोलली. ऑलिव्हबद्दल सांगितलं, ओठांच्या रंगासकट. एकशे बाराचा हिशोब सांगितला. अकरा बायकांपैकी सात जणींनी पहिल्यांदा बंदूक उचलली ती क्लबची, उसनी. स्वतःची घ्यावी की नको हे हातात धरल्याशिवाय कसं ठरवणार? शेवटी ती वार्नी बाईंकडे वळली.

"तुमचा पार्किंगमधला माणूस मलाही नकोय, बाई. पण त्याला पकडायला तुम्ही जे जाळं टाकलंय, त्यात माझा गुरुवारचा वर्गच सापडलाय."

दुपारी तळघरातल्या उपाहारगृहात तिघं एका टेबलाला बसली होती. आर्डिथ, वार्नी बाई आणि घसा बसलेले सॉटेल. समोर माशांचं घट्ट पांढरं सूप. वार्नी बाईंनीच बोलावलं होतं.

"मी आधी फक्त 'विक्री' लिहिलं होतं," त्या म्हणाल्या. "मग कुणी म्हणालं, पळवाट काढतील, म्हणून 'देणे' घातलं. मग 'कितीही अल्प काळासाठी'. मलाच भारी वाटलं होतं ते."

"वाचायला भारीच आहे," आर्डिथ म्हणाली. "जगायला अवघड."

सॉटेलनी वहीत भराभर लिहायला घेतलं. मैदानावर, शिकारीत, घरच्या माणसांत, आणि मालक समोर हजर असताना दिलेली बंदूक कलमातून वगळावी. वार्नी बाईंनी "घरची माणसं" म्हणजे कोण ते विचारलं. आर्डिथ म्हणाली, जावई धरा. वार्नी बाई म्हणाल्या, माझा जावई बघितला असतात तर नसता धरलात. सॉटेल आवाज नसताना हसले. ते दिसायला भयंकर होतं, शेजारच्या टेबलावरून कुणीतरी पाणी घेऊन धावलं. अर्ध्या तासात वाक्य तयार झालं. आर्डिथनं ते मोठ्यानं वाचलं आणि तिच्या अंगावर काटा आला. सकाळपर्यंत कायदा म्हणजे आभाळातून पडणारी गोष्ट होती. आता त्यातला 'जावई' तिचा होता.

तीनला समिती पुन्हा बसली. दुरुस्ती : वीस विरुद्ध शून्य. आर्डिथ खुर्चीवरून उडीच मारणार होती, पण सॉटेलनी बाही धरली. मग दुरुस्तीसह संपूर्ण विधेयक मताला : दहा विरुद्ध दहा.

"म्हणजे काय?" ती कुजबुजली.

सॉटेलनी लिहिलं : समितीचं मत नाही. सभागृह ठरवेल.

गाडीत बसते न बसते तोच थर्लोचा फोन. "जिंकलो की हरलो?"

"वीस-शून्य! आणि दहा-दहा!"

"आर्डिथ, सरळ सांग. विधेयक पडलं का?"

"नाही. मी ते दुरुस्त केलं."

"तू त्यांचं विधेयक दुरुस्त केलंस? अगं, आपल्याला ते पाडायचं होतं! मोडकं होतं तेच बरं होतं, आपोआप पडलं असतं!"

हे आर्डिथच्या डोक्यातच आलं नव्हतं. ती गाडीत बसून विचार करू लागली, आणि पुन्हा हसू यायला लागलं. आवरेचना. थर्लो तिकडून "हसतेस काय?" म्हणून ओरडत होता, तसतसं वाढत गेलं. "अरे थर्लो," ती म्हणाली, "ते पास झालं असतं तर? त्या मोडक्या कलमासकट? मग ऑलिव्हला पोलिसांकडून सोडवायला कोण आलं असतं, तू?" थर्लोनं खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाला, वाचून दाखव. तिनं वाचून दाखवलं. त्यानं पुन्हा वाचायला लावलं. मग घसा खाकरून म्हणाला, "जावई चांगला घातलाय."

घरी रोलंडनं विचारलं, "काय झालं?" तिनं उत्तर न देता त्याला धरून स्वयंपाकघरात दोन गिरक्या घेतल्या. खुर्ची पडली. रोलंड म्हणाला, "बरंच झालेलं दिसतंय."

तीन आठवड्यांनी चारशेंचं सभागृह भरलं. आर्डिथ वर सज्जात बसली होती, शेजारी थर्लो. दोन तास भाषणं झाली. दोन आमदारांनी कलम तीनची नवी भाषा वाचून दाखवली आणि दोघांनीही तिची स्तुती केली. एकजण विधेयकाच्या बाजूचा, दुसरा विरोधातला. मग भिंतीवरच्या फलकावर आकडे पेटले. बाजूनं एकशे चौऱ्याऐंशी, विरोधात एकशे सत्त्याऐंशी. तीन मतांनी पडलं. थर्लोनं टोपी हवेत उडवली आणि ती खाली सभागृहात कुणाच्या तरी टेबलावर जाऊन पडली. त्याबद्दल त्याला सज्जातून बाहेर काढण्यात आलं. त्याला त्याचं काहीच वाटलं नाही. आर्डिथही त्याच्याबरोबर ओरडली होती, पण तिला कुणी पाहिलं नाही.

जिन्यात वार्नी बाई भेटल्या. डोळे थकलेले, पण ताठ.

"वाईट वाटतंय मला," आर्डिथ म्हणाली. ते खरं होतं, आणि ती आनंदात होती हेही खरं होतं. दोन्ही एकदम कसं असू शकतं, तिला कळेना.

"वाटू दे," वार्नी बाई म्हणाल्या. "पुढच्या जानेवारीत पुन्हा मांडणार आहे मी."

"मांडा. मसुदा आधी मला दाखवा."

"दाखवीन. आणि गुरुवारी किती वाजता म्हणालात, सहाला? नुसतं बघायला येईन. हात लावणार नाही."

"सगळ्या तसंच म्हणतात," आर्डिथ म्हणाली.

बाहेर पडायला हवं होतं. पण व्हरांड्यात एका खोलीचं दार उघडं होतं आणि आत सुनावणी चालू होती, मधमाश्यांच्या पेट्या शेजाऱ्याच्या कुंपणापासून किती फुटांवर असाव्यात याची. आर्डिथला मधमाश्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. ती मागच्या खुर्चीवर टेकली, एका माणसाचं ऐकलं, दुसऱ्याचं ऐकलं. दुसऱ्याचं म्हणणं तिला अजिबात पटलं नाही. तिनं स्वेटर खाली ओढला आणि बोलायचं असेल तर नाव कुठं द्यायचं, म्हणून शेजारच्या बाईंना विचारलं.