ऐकून घेण्याचं काम

कोर्टात सगळे त्यांना ‘तोफ’ म्हणत, आणि त्यांना ते मनापासून आवडायचं. उभी हयात दिवाणी दाव्यांत गेलेली. एकदा बोलायला उभे राहिले की समोरचा वकील घड्याळाकडे बघायला लागायचा आणि न्यायाधीश छताकडे. पुढे गुडघे कुरकुरायला लागले तसं उभं राहणं कमी झालं, बोलणं मात्र होतं तेवढंच राहिलं. ते ऐकायला घरी बायको, आणि वकिलांच्या बाररूममध्ये तावडीत सापडेल तो.

अशा माणसाने ऐकून घेण्याच्या कामासाठी नाव दिलं, म्हणून बाररूममध्ये पुष्कळ हशा झाला.

त्याचं असं झालं होतं. वकील संघातल्या एका तरुण वकिलाने जीव दिला. शोकसभेत जो तो म्हणाला, “परवा तर चांगला हसत होता.” मग संघाला जाग आली आणि लायब्ररीमागच्या खोलीत एक समुपदेशक बाई नेमल्या गेल्या. पण त्या खोलीचं दार नेमकं जिन्यासमोर. आत कोण गेलं ते सगळ्या कोर्टाला दिसणार. वकिलाचंच डोकं ठिकाणावर नाही असं एकदा पसरलं की पक्षकार कशाला थांबतोय? महिनोन् महिने कुणी फिरकलं नाही. शेवटी बाईंनीच तोडगा काढला. जुन्याजाणत्या वकिलांना थोडं शिकवायचं, आणि ज्याला मन मोकळं करायचं असेल त्याने त्यांच्या ऑफिसात जायचं. वकील वकिलाकडे गेला तर कोण विचारतो?

बाईंनी शिकवलं ते थोडकंच होतं. सल्ला द्यायचा नाही. आपल्या गोष्टी सांगायच्या नाहीत. आणि शंका आली तर आडवळणाने न जाता सरळ विचारायचं, जीव द्यावासा वाटतो का म्हणून.

“हे असं तोंडावर कसं विचारायचं हो?” तोफ म्हणाले.

“कोर्टात परक्या माणसाला काय काय विचारता, सर?”

सगळे हसले. तोफ सगळ्यांत मोठ्याने हसले.

त्यांच्याकडे पहिली आली ती ‘कात्री’. फौजदारीतली वकील, चाळिशीला टेकलेली, किरकोळ अंगाची. उलटतपासणीत साक्षीदाराचे असे नेमके तुकडे करायची की हे नाव आपसूक पडलं होतं. हल्ली मात्र ती तारखा पुढे ढकलून घेत होती. एकदा तर भर कोर्टात उभी राहिली आणि तोंडातून शब्दच फुटेना. न्यायाधीशांनी पाणी मागवलं. त्या दिवशी बाईंनी तिला जिन्यात गाठून तोफांचं नाव सुचवलं होतं.

दर गुरुवारी संध्याकाळी कोर्ट सुटल्यावर ती तोफांच्या ऑफिसात यायची. फायलींच्या ढिगाऱ्यातून एक खुर्ची मोकळी केलेली असायची. तोफ चहा मागवायचे आणि सुरू व्हायचे. आपणही एकदा कसे अडखळलो होतो, मग कसे सावरलो, अमुक न्यायाधीशाची कशी जिरवली. ती मान हलवायची, कधी हसायची. जाताना म्हणायची, “थँक्यू, सर.”

तोफ घरी खुशीत यायचे. “आज पोरीला बरं वाटलं बघ. चेहराच सांगत होता.”

एका गुरुवारी बायकोने भाजी निवडता निवडता विचारलं, “काय म्हणाली ती?”

तोफांना तिचं एकही वाक्य आठवेना. आठवायला ती काही बोलली तर पाहिजे होती.

जेवताना त्यांचं लक्ष लागलं नाही. पुढच्या गुरुवारी मात्र त्यांनी मनाशी पक्कं केलं की जीभ गेली तरी चालेल, बोलायचं नाही. चहा आला, निवला. बाहेर कोर्टाचा शिपाई एकेक दार लावत गेला. ती बोटातली अंगठी फिरवत बसली होती. तोफांना घाम फुटला, पण त्यांनी दातांखाली जीभ धरली.

“सर, ती मुलगी नऊ वर्षांची होती,” कात्री म्हणाली.

मग ती थांबत थांबत बोलत गेली. शेजाऱ्याने त्या मुलीशी गैरवर्तन केल्याची केस होती. कात्री शेजाऱ्याची वकील. मुलगी साक्षीला आली तेव्हा खुर्चीवरून तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. “मी आवाज चढवला नाही, सर. एकदाही नाही. गोड बोलले. म्हटलं, बाळा, नीट आठव. पडदा होता की नव्हता? निळा की हिरवा? आधी सांगितलंस निळा. मग खोटं कधी बोललीस, तेव्हा की आत्ता? ती आईकडे बघायला लागली. मी मध्ये उभी राहिले, आई दिसू नये म्हणून. शेवटी ती प्रत्येक प्रश्नाला मला माहीत नाही, मला माहीत नाही, एवढंच म्हणत राहिली.”

“मग?”

“सुटला तो. पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला होता. ते खरं बोलत होतं पोर, सर. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.” तिने अंगठी काढून टेबलावर ठेवली, पुन्हा घातली. “परवा आमच्या लेकीची वही हरवली. मी म्हटलं, बाळा, नीट आठव. माझाच आवाज मला ऐकू आला. ती दचकली हो, सर. माझी मुलगी मला दचकली.”

आता गप्प बसायचं होतं. तोफांना ते कळत होतं. पण समोर एक बाई बुडते आहे आणि आपण काठावर हात बांधून बसलोय, हे त्यांच्याच्याने सोसवेना.

“अगं, तू तुझं काम केलंस,” ते म्हणाले. “उद्या तू नसतीस तर दुसरा कुणी उभा राहिला असता. आरोपीलाही वकील लागतोच की! कायदाच आहे तसा.”

कात्रीने त्यांच्याकडे पाहिलं. मग मान डोलावली.

“हो, सर. सगळे तेच म्हणतात.”

तिने पर्स उचलली. दारात म्हणाली, “थँक्यू, सर.”

पुढच्या गुरुवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तोफांनी फोन केला. “बरी आहे, सर. कामात आहे जरा.” आवाज चांगला मोकळा वाटला. तोफांनी बाईंना कळवून टाकलं, सुधारणा आहे.

बाईंनी लगेच विचारलं, “तिला विचारलंत का, सर? सरळ?”

“तसं काही वाटलं नाही मला.”

“मी आत्ता तिच्याकडे जाते,” बाई म्हणाल्या. “तुम्ही फोन लावत राहा.”

तोफ लावत राहिले. घंटा वाजत राहिली. संध्याकाळी उशिरा कुणीतरी उचलला. तिचा नवरा होता. दवाखान्यातून बोलत होता. बाई पोचायच्या आधी शेजारणीने दार फोडलं होतं. जीव वाचला होता.

तोफ दुसऱ्याच दिवशी गेले. कात्री भिंतीकडे तोंड करून पडली होती. नवऱ्याने वाकून तिच्या कानात सांगितलं, “सर आलेत.” तिने वळून पाहिलं आणि चादर डोक्यावरून ओढून घेतली. नवऱ्याने तोफांना हळूच बाहेर आणलं.

“राग मानू नका,” तो म्हणाला. दाढी न केलेली, शर्टाची बटणं चुकलेली. “वकील दिसला की असं होतं तिला. सकाळपासून तिघे येऊन गेले. तुम्ही नका येऊ आता.”

“मुलगी कुठे आहे?”

“माझ्या बहिणीकडे. आईला भेटायचं नाही म्हणते.”

तोफांना पुष्कळ काही सांगावंसं वाटलं. एकही शब्द कामाचा नव्हता. ते जिन्याचा कठडा धरून एकेक पायरी खाली उतरले.

कात्रीने वकिलीची सनद परत केली. ती पुन्हा कोर्टात दिसली नाही. बाररूममध्ये चार दिवस हळहळ झाली, मग तिच्या केसेस कुणाकडे गेल्या याची चर्चा झाली. वकील संघाच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं की एवढा खटाटोप करून व्हायचं ते झालंच, मग ही योजना हवी कशाला? ती बंद करायला हात वर झाले. तोफ पहिल्यांदाच बैठकीत बोलले नाहीत. बोलायला हवं होतं, असं त्यांना घरी आल्यावर वाटलं. लायब्ररीमागच्या खोलीत झेरॉक्सचं मशीन आलं. जाताना बाईंनी तोफांचा हात हातात घेतला. “तुमच्याकडे ती बोलली तरी,” त्या म्हणाल्या. “माझ्याकडे तेवढंही नाही.” तोफांना बरं वाटावं म्हणून बाई हे म्हणाल्या असतील. त्यांना ते लागलं.

त्या रात्री जेवणं झाल्यावर बायको नेहमीसारखी समोर येऊन बसली, त्यांचं बोलणं सुरू व्हायची वाट बघत. तोफ काहीच बोलेनात.

“काय झालं हो?”

“काही नाही. आज तू बोल.”

ती हसली. मग ते थट्टा करत नाहीत हे तिच्या लक्षात आलं. तिने खरंच आठवून पाहिलं. काहीतरी सांगायचं होतं, पुष्कळ दिवसांचं, पण ते सापडेना.

“आता काय बोलू?” ती म्हणाली. “सवय राहिली नाही मला.”

थोड्या वेळाने तिने उठून दिवा घालवला.