यंत्राचा डोळा

भिंगावर मधोमध कुंकवाचं बोट... खंडेनवमीला रबाळ्याच्या या कारखान्यात बायकांनी सगळ्या यंत्रांची पूजा केली, तशी त्याच्या रोबोचीही. कपाळ नेमकं कुठलं ते न कळल्यामुळे बोट थेट कॅमेऱ्याच्या डोळ्यात गेलं असणार. नंदकिशोरने रुमालाच्या टोकाने भिंग पुसलं, पुन्हा पुसलं. आज चाचणी होती. औषधाच्या बाटल्यांतून तडा गेलेल्या तेवढ्या रोबोने उचलून बाजूला ठेवायच्या. जमलं तर मालक सोनटक्के असे सहा रोबो घेणार होते, नाही जमलं तर त्याच्या छोट्या कंपनीला कुलूप.

चार वर्षांपूर्वी, तो संशोधन संस्थेतली कायमची नोकरी सोडत असताना, वैजयंती एवढंच म्हणाली होती, "शोधनिबंधांवर पोट भरत होतं की आपलं." तेव्हा त्याने बायकोला जेवता जेवता व्याख्यान दिलं होतं – यंत्राला दृष्टी द्यायची आहे मला... मोठा आलो दृष्टी देणारा.

ही दृष्टी तरी कुणाची? सहा महिने तो वही घेऊन विमलबाईंच्या शेजारी बसला होता. वीस वर्षं त्या बाटल्या निवडत होत्या. ही का काढली? काय दिसलं? आणि त्या सांगायच्या – बुडाशी चमक, गळ्याशी रेघ. यंत्र शिकलं की आपली खुर्ची जाणार, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. तरी दुपारी अर्धी भाकरी नि जवळ्याची चटणी त्याच्यापुढे सरकवायच्या. तो खायचा. लाज वाटायची, पण खायचा.

चाचणी पाऊण तासात आटोपली. केसासारखे बारीक तडे रोबोने बिनदिक्कत पास केले. विमलबाईंनी त्याच ढिगातून तसल्या बाटल्या एकूण एक काढून दाखवल्या. सोनटक्के रागावलेसुद्धा नाहीत, आणि तेच झोंबलं.

"डॉक्टर, टेन्शन नका घेऊ. पुढे ऑफिसात ठेवू याला. पार्टी आली की हात हलवून दाखवेल."

ते गेल्यावर विमलबाई जवळ आल्या. त्याचा चेहरा पाहवला नसावा त्यांना. दोन बाटल्या उचलून त्यांनी एकमेकींवर हलकेच आपटल्या. मग एक बदलून पुन्हा. दुसऱ्यांदा आवाज बसका आला.

"बारीक तडा डोल्यांना नाय दिसत, साहेब. वाजवून बगायचा."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुमी डोल्यांचा इचारला, मी डोल्यांचा सांगला. कानांचा कंदी इचारलाच नाय."

सहा महिने तो आवाज त्याच्या कानाशी होता, बाटलीवर बाटली... आणि वहीत त्याच्याच सुबक अक्षरात नोंद होती – अनावश्यक हालचाल, वगळावी. विद्वत्ता म्हणतात ती हीच. त्याला बाईंचा राग आला, क्षणभर खरोखरचा राग – आणि त्यामागोमाग, न बोलावता, दुसरं काही तरी आलं. मायक्रोफोन. एक साधा मायक्रोफोन बसवला तर, पंधरा दिवसांत... सोनटक्क्यांकडे पुन्हा शब्द टाकता येईल... छातीत धडधडू लागलं, चार वर्षांपूर्वी धडधडायचं तसं.

"आता जमंल ना?" विमलबाईंनी विचारलं, अगदी मनापासून.

नाही म्हण, मी स्वतःला म्हणालो – मीच, नंदकिशोर; आता ‘तो’ म्हणून लपता येईना. या बाईने दया म्हणून दिलंय, नाही म्हण. पण वही उघडलेली होती, पेनाचं टोपणही निघालेलं होतं – कधी, ते कळलं नाही.

"परत एकदा वाजवा," मी म्हणालो. "जरा हळू."

त्यांनी वाजवलं. मला माझ्या हाताची किळस आली, आणि तो लिहीत राहिला.