शुक्रवारी पटकी पोत्यात

चावडीपुढे सारं खारवड लोटलं होतं. पटकीची साथ लागून महिना झाला होता, तरी लोक जत्रेसारखे हसत होते. आज शुक्रवार होता आणि दर शुक्रवारी चावडीच्या फळ्यावर रोग्यांचा आकडा एकदम खाली यायचा.

ओट्यावर मांत्रिक लिंबूबाबा उभा होता. हातात दर आठवड्यासारखं सुतळीने आवळलेलं पोतं.

"कल शाम को पटकी माई को बोरी में भरा! ऊपर से सात गाठ!" बाबा ओरडला. "देखो, अंदर पाँव मार रही है!"

पोतं खरंच हललं. लोकांनी हात जोडले.

"आज दोन-तीनच निंघतीन," झुलाल आबा म्हणाले. त्यांची सून बेबाबाई कालपासून जुलाब-वांत्यांनी निपचित पडली होती. गाडी जुंपून तयार होती. सोनगीरच्या शाळेत सरकारी सलाइन लावत होते. पण आबा फळ्याची वाट पाहत होते. पटकी पोत्यात गेली असेल, तर पोरीला एवढ्या उन्हात कशाला हलवायचं?

कोतवाल उखर्डूने खडू उचलला. दोन आठवड्यांपूर्वी तोही असाच थांबला होता. गुरुवारी दुपारी त्याच्या बायकोला, वच्छलाला, जुलाब सुरू झाले. शुक्रवारी त्याने स्वतःच्या हाताने फळ्यावर 'तीन' लिहिलं आणि खुशीत गाडीला जुंपलेले बैल सोडले. दिवस मावळायच्या आत ती गेली. शनिवारी त्याने 'एकवीस' लिहिलं. त्यात एक ती होती.

पुढे तो आरोग्य निरीक्षकांची वही घेऊन बसला. वहीत दोन रकाने होते: माणूस आजारी कधी पडला, आणि नाव कधी लिहिलं. त्या एकविसांपैकी अकरा जण गुरुवारीच पडले होते. निरीक्षक घरोघर फिरून नावं घ्यायचे आणि आकडा दुसऱ्या सकाळी फळ्यावर जायचा. पण दर गुरुवारी ते सोनगीरच्या बाजारात इंजेक्शनं टोचायला जात. त्या दिवशी खारवडात मोजायला कोणीच नसे. जो आपणहून चावडीवर येई, तेवढाच शुक्रवारी दिसे.

हे बाबाला कुणी सांगितलं? उखर्डूनेच. "कोतवालजी, साहब किस दिन नहीं आते?" असं बाबाने पहिल्याच आठवड्यात गोड बोलून विचारून घेतलं होतं.

म्हणून काल, गुरुवारी, उखर्डू स्वतः दारोदार फिरला होता.

त्याने फळ्यावर लिहिलं: सतरा.

हसणं थांबलं.

"गाठ ढीली हो गई!" बाबा किंचाळला. "किसी ने शक किया!"

"शक मी कया," उखर्डू म्हणाला. "काल बठ्ठा घर फिरनू. सतरा नावं शेतस. तू गुरुवारीच का बरं बांधस? बुधवारी साहेब गावमा ऱ्हातस म्हनीसन?"

"सोड ते पोतं!" गर्दीतून भागाबाई पुढे आली. "दखू दे तुन्ही पटकी!"

कुणीतरी सुतळी कापली. आतून पाय आणि चोच बांधलेली कोंबडी बाहेर पडली.

"ओ माय! ही ते मन्ही शे!" भागाबाई ओरडली.

झुलाल आबा तोवर गाडीकडे धावले होते. बेबाबाईला घेऊन बैल सोनगीरच्या वाटेला लागले.

बाबा गर्दीतून सटकू पाहत होता. उखर्डू आडवा उभा राहिला.

"मन्ही बायको कोनता आकडामा व्हती, सांग."

बाबा दुसऱ्या बाजूने वाट शोधू लागला.

"शनिवारना. शुक्रवारना तीनमा ती नव्हती, म्हनीसन मी बैल सोडात." उखर्डूने हात उगारला नाही. "जा. पन जठे जाशी, तठे मी पयले पोचसू."

आणि तो पोचला. त्या रस्त्यावरच्या प्रत्येक गावात बाबाच्या आधी उखर्डूचं डफडं वाजलं. बाबाला कुणी ओट्यावर टेकू दिलं नाही, पाणीही विचारलं नाही. तरी उखर्डू डफडं वाजवत राहिला. त्याची दवंडी सरळ होती:

"लोकहो, आकडा कमी दिसला तर आधी विचारा, काल दारोदार कोण फिरलं? कुणीच फिरलं नसेल, तर रोग कमी झालेला नाही, मोजणं कमी झालंय. आजारी माणसाला आधी गाडीत घाला. फळा नंतर वाचा."