मैदानावर बसणारी बाई

सात

“सात हायेत. पाहा तुमीच मोजून,” मनकर्णाबाई म्हणाली आणि तिनं सुपातलं पुढचं पान उचललं.

चंद्रभान खरंच मोजत होता. पाळी संपवून तो तसाच आला होता, कानामागे कापसाचं तूस चिकटलेलं. गिरणीमागच्या मैदानावर सात मुली चेंडूमागे धावत होत्या. त्यांतली एक त्याची होती.

“आमची तारा कोनती?”

“ते काय, निळ्या फ्रॉकवाली. खाली भावाची हाफपँट हाये तेच.”

“ते दिसून राहिलं मले,” चंद्रभान म्हणाला. थोडा वेळ तो उभा राहिला. मग म्हणाला, “बाई, तुमी हायेत म्हून धाडून राहिलो. तुमी उठल्या, का तारा घरी.”

सातही बापांची अट हीच होती. बळीराम गिरणीत फिटर होता. दहा वर्षं तो गिरणीच्या संघात बॅक खेळला होता, आणि आता मोहल्ल्याच्या खेळाच्या मंडळात मुलींचा फुटबॉल सुरू करायचं त्यानं मनात घेतलं होतं. लोक हसले. मग म्हणाले, ठीक आहे, पण मैदानावर कुणीतरी मोठी बाई बसलेली पाहिजे. आया कामाला जात. बळीराम गल्ली गल्ली फिरला आणि मनकर्णाबाईकडे आला. ती विधवा, बावन्न वर्षांची, मागेपुढे कुणी नाही. शिवाय बिड्या कुठंही बसून वळता येतात.

“तुमाले काई करायचं नाई, मावशी. फक्त बसायचं.”

“मंग ते जमंल,” ती म्हणाली होती.

म्हणून ती बसायची. पोत्याचा तुकडा, त्यावर ती, मांडीवर सूप, सुपात पानं, जर्दा आणि दोरा. ती आली की खेळ सुरू, ती उठली की खेळ बंद. तिला ताप आला की त्या संध्याकाळी फुटबॉल नाही.

अकरा

“ते पोरगी काहून उभी हाये नुसती? तिले बी पळव ना.”

“ते गोलकीपर हाये, मावशी. तिले तिथंच राहा लागते.”

मनकर्णाबाईनं त्या मुलीकडे जरा वेळ पाहिलं. “बिचारी,” ती म्हणाली.

अठ्ठावीस वर्षं तिनं बिड्या वळल्या होत्या. बोटं आपसूक चालायची, डोळे मोकळे असायचे. त्या डोळ्यांचं काम मुली मोजायचं. अकरा आल्या, अकरा घरी गेल्या, झालं.

असं वर्षभर चाललं. मग एका संध्याकाळी तिला एक गोष्ट दिसली. चेंडू बाकीच्या मुलींकडे यायचा तेव्हा त्या चेंडूकडे पाहायच्या. तारा मागे पाहायची. चेंडू अजून हवेत असतानाच एकदा मागे, एकदा बाजूला, आणि मग चेंडू पायाशी आला की कुठं द्यायचा ते तिचं आधीच ठरलेलं. मनकर्णाबाईनं दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं. तिच्या हातातली बिडी सुटून जर्दा लुगड्यावर सांडला.

“बळीराम,” तिनं हाक मारली, “हे पोरगी आधीच पाहून ठेवते का रे?”

बळीराम जवळ आला. त्याच्या तोंडावर कधी नव्हे ते हसू होतं. “तुमाले दिसलं? आमच्या मंडळातल्या अर्ध्या लोकाइले नाई दिसलं अजून.”

त्या दिवसापासून ती खेळ पाहू लागली.

एकोणीस

तिसऱ्या वर्षाच्या थंडीत मुली एकोणीस झाल्या. शेजारच्या वस्तीतून आल्या. धरमपेठेतल्या एका शाळेच्या बाई येऊन पाहून गेल्या. दोन पूर्ण संघ होत नव्हते, पण खेळ दोन बाजूंनी होऊ लागला होता.

राज्याच्या मुलींच्या संघासाठी नागपुरातच निवड होणार होती, रविवारी. बळीराम चंद्रभानच्या घरी तीन संध्याकाळ जाऊन बसला. ताराचं लग्न कळमेश्वरला जवळजवळ ठरलं होतं, उन्हाळ्यात करायचं होतं. चौथ्या दिवशी चंद्रभान म्हणाला, “घ्या तुमचा रविवार. त्याच्यानंतर मात्र बंद.”

“निवडली गेली तर?” ताराची आई कौशल्या आतून म्हणाली.

“निवडू तर द्या आधी,” चंद्रभान म्हणाला. त्यात ‘नाही’ नव्हतं. तारानं ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी पळत पोत्यापाशी आली.

“मावशी, रविवारी तुमी बी येजा तिथं.”

“मी नाई आली तं तुया बाप सोडते का तुले?”

“त्याच्यासाठी नाई वं. तुमी पाह्याले या.”

गुरुवारी सरावासाठी दुसरा मुलींचा संघ कुठून आणणार, म्हणून बळीरामनं मंडळातल्या पोरांनाच समोर उभं केलं.

झालं ते

चेंडू ताराकडे आला. दोन पोरं अंगावर आली. एकाला तिनं चुकवलं. दुसऱ्यानं खांदा लावला, तिनंही लावला, तो पडला. ती त्याच्यावरून उडी मारून पुढे गेली आणि गोल झाला. पडलेला पोरगा उठला, त्यानं हाफपँट झटकली आणि खेळ पुढे चालू झाला.

नळावर सांगितलं ते

“अवो, काय सांगू! दोन पोट्टे आले अस्से आंगावर. एकाले तं समजलंच नाई कुठून गेली ते. दुसरा आला छाती काढून, तं हिनं अस्सा खांदा देला, अस्सा! तो खाली, हे वरून! मी उभीच झाली वं. सूप सांडलं सारं. आपल्या मोहल्ल्यातली पोरगी हाये म्हटलं!”

मनकर्णाबाईनं हातातली बादली खाली ठेवून खांदा कसा दिला तेही करून दाखवलं. बाया हसल्या. तिच्या उभ्या आयुष्यात नळावरच्या बाया थांबून तिचं ऐकत आहेत असं कधी झालं नव्हतं. तिनं पुन्हा एकदा सांगितलं. गोपिका नावाची बाई सगळ्यांत जास्त हसली. गोपिकाची नणंद कळमेश्वरला दिली होती.

कळमेश्वरला पोचलं ते

पोरगी पोट्ट्याइच्या आंगावर पडते.

अठरा

शनिवारी मनकर्णाबाईनं मोजलं. अठरा. पुन्हा मोजलं. बळीरामनं शिट्टी वाजवलीच नाही. दोघं चंद्रभानच्या घरी गेले.

चंद्रभान ओट्यावर बसला होता. त्यानं बळीरामकडे पाहिलं नाही. तो मनकर्णाबाईशीच बोलला, आणि आवाज चढवला नाही.

“कळमेश्वरहून मानूस आला होता. नाई म्हनून गेला.”

“चंद्रभान, ते खेळातलं होतं गा,” बळीराम म्हणाला. “मी येतो कळमेश्वरले. मी समजावून सांगतो त्याइले.”

“तू कायले येशीन? तुया पोरीचं हाये का?” मग पुन्हा तिच्याकडे वळून तो म्हणाला, “बाई, आमी तुमाले पाहाले बसवलं होतं. सांगाले नाई.”

 मनकर्णाबाई म्हणणार होती की मी चांगलंच सांगितलं, कौतुकानं सांगितलं. आतून भाकरी थापण्याचा आवाज येत होता. तो थांबला. बराच वेळ थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

“उद्याची चाचणी तेवढी...” बळीराम म्हणाला.

“चुलीत घाल तुई चाचणी.”

रविवारी मनकर्णाबाई निवडीच्या मैदानावर गेली. का गेली ते तिला सांगता आलं नसतं. सूप नेलं नव्हतं. रिकामे हात मांडीवर ठेवून ती दिवसभर बसली. मंडळाच्या चार मुली खेळल्या, एक निवडली गेली. ती चेंडूकडेच पाहणारी होती.

फाल्गुनात ताराला मौद्याला दिली. तिथल्या लोकांना काही ठाऊक नव्हतं, आणि चंद्रभाननं घाई केली ती त्यासाठीच. लग्नाचं बोलावणं मनकर्णाबाईला आलं नाही.

एकतीस

मुली कमी होतील असं सगळ्यांना वाटलं होतं. दोन महिने झाल्याही. पण निवडली गेलेली मुलगी परगावी खेळून आली, तिचं नाव वर्तमानपत्रात छापून आलं, आणि बापांची भाषा बदलली. पुढच्या वर्षी एकतीस आल्या. धरमपेठेच्या शाळेतल्या बाई गळ्यात शिट्टी अडकवून रोज येऊ लागल्या. त्या शिकलेल्या होत्या, खुर्चीवर बसत आणि मुलींची नावं वहीत लिहीत.

“मावशी,” बळीराम एकदा म्हणाला, “आता नाई आल्या तरी चालते. थंडीत कायले त्रास?”

“हो, तेबी खरंच,” ती म्हणाली.

ती आणखी दोन दिवस गेली. तिसऱ्या दिवशी तिनं सूप घरातच दाराशी मांडलं. मैदानावरचा आरडाओरडा तिथवर ऐकू यायचा. गोल झाला की कळायचं, पण कुणी केला ते कळायचं नाही.

एक

बहिणीच्या मुलीचं, पंचफुलाचं, बाळंतपण मौद्याला होतं, म्हणून मनकर्णाबाई तिकडे गेली. परतायच्या दिवशी ती पत्ता विचारत ताराच्या घरी पोचली. शेणानं सारवलेलं अंगण, एका बाजूला तुरीच्या शेंगांचा ढीग. ताराची सासू मोठ्या तोंडाची, मोकळी बाई होती.

“आमच्या सुनेच्या मायेरचं मानूस! बसा, बसा. तारा, च्या ठेव वं!”

तारा आली, पाया पडली, आत गेली. अंगानं भरली होती. पदर कपाळापर्यंत होता. मनकर्णाबाईला तिच्याशी काय बोलायचं होतं ते ती बसमध्ये जुळवत आली होती. माफ कर पोरी, असं काहीतरी. पण सासू समोरून हलेना. पाऊसपाणी झालं, पंचफुलाचं झालं. मग सासू जरा पुढे सरकली.

“एक इचारू का, बाई? लगनात कोनीतरी बोललं होतं म्हने. हे तुमच्याइकडं मैदानात चेंडू खेळे म्हने, पोट्ट्याइसंगं? तुमी त्याच मोहल्ल्यातल्या ना? तुमाले ठाऊक असंल.”

दारात कपबशीचा आवाज झाला. तारा चहा घेऊन उंबऱ्यात उभी होती. मनकर्णाबाईनं तिच्याकडे पाहिलं. तारा घाबरलेली नव्हती. तिनं मान वर केली होती, पदर थोडा मागे सरकला होता, आणि ओठ किंचित उघडे होते. ती ऐकायला थांबली होती.

मनकर्णाबाईच्या डोळ्यांपुढे सगळं होतं. पहिला पोरगा, दुसरा पोरगा, उडी. सांगायला बसली असती तर एक शब्द चुकला नसता.

“काईबी बोलतात लोकं,” ती म्हणाली. “हे पोरगी कधी घराबाहीर निंघाली नाई. मी समोरच राहते ना. चुलीपासून नळापर्यंत, आनि नळापासून चुलीपर्यंत. खेळनं कायचं!”

“हेच! हेच मी आमच्या पोराले म्हनत होती!” सासू मांडीवर थाप मारून हसली. “ते का कधी पळाली असंल? पाहा तिच्याकडं!”

तारानं चहा पुढे केला. चहा बशीत सांडला नाही. ती आत गेली.

बसच्या वेळी सासूनंच तिला पाठवलं. “जाय, बसवून दे मावशीले. आनि हे शेंगा दे.” दोघी पांदणीनं फाट्यापर्यंत चालल्या. दोघींत शेंगांचं गाठोडं होतं, एक टोक एकीच्या हातात, दुसरं दुसरीच्या. 

“पोरी, मी म्हटलं, तुले पुन्हा त्रास नको...”

“बरोबर केलं तुमी,” तारा म्हणाली. थोडं चालल्यावर म्हणाली, “आमच्यासंगच्या पोट्ट्या तं लहान होत्या. बळीरामभाऊ बोलनार नाई कोनाजवळ. पाहेलं सांगनारं मोठं मानूस तुमीच एक होत्या तिथं, मावशी.”

एवढंच. तिच्या आवाजात राग असता तर मनकर्णाबाईला बरं वाटलं असतं.

नागपूरची बस आली. तारानं गाठोडं तिच्या मांडीवर ठेवलं, खाली उतरून खिडकीतून तिच्या हाताला हात लावला आणि पदर सारखा केला. ड्रायव्हर टपरीवर पान खात होता, बस सुटायला वेळ होता. पण तारा थांबली नाही. पांदणीवर माणूस नव्हतं, बैलगाडी नव्हती, घरापर्यंत सगळी वाट मोकळी होती. ती कडेकडेनं, सावकाश चालत गेली.